टाकीमावशी आणि वरच्या बाथरूमची बारीक धार

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. टाकीमावशी पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना प्लंबर समजलेच नाही. सासूबाईंना सांभाळायला आलेली बाई समजले. समजले ते समजले, वर सोफ्यावर बसवून त्यांची चांगली दहा मिनिटं मुलाखत घेतली. आता आठवलं की भाजी चिरता चिरता एकटीच हसते.

माझी चूक नव्हती हो. म्हणजे होती, पण थोडीच. त्या शुक्रवारी दोघं यायची होती, दहाला सांभाळणारी बाई आणि अकराला प्लंबर. बेल वाजली साडेदहाला. दारात साठीच्या एक बाई. इस्त्रीचे कपडे, साखळी लावलेला चष्मा, खांद्याला फुलाफुलांची भलीमोठी पिशवी. आता अशा पिशवीत पाने-पकडी असतील असं कुणाला वाटेल, तुम्हीच सांगा.

"याआधी कुठे होतात?" मी विचारलं.

"मुलींच्या वसतिगृहात. बावीस वर्षं."

"अरे वा, मग सवय आहे तुम्हाला. किती जणी होत्या?"

"बेचाळीस. बाथरूम सात."

बाथरूमचा आकडा कशाला सांगतायत, मला कळेना. म्हटलं, असेल स्वच्छतेची आवड.

"आमच्या सासूबाई जरा हट्टी आहेत हं. जमेल ना?"

"हट्टी माणसं बरी. तीच खरं काय ते सांगतात."

"आणि आंघोळीला किती वेळ लागतो तुम्हाला? म्हणजे घालायला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वहिनी, मी नळ बघायला आलेय. आंघोळ मी घरून करून आलेय."

वरच्या मजल्यावरून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. आठवडाभरात पहिल्यांदा.

ते हसू का महत्त्वाचं, ते सांगते. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. वरच्या खोलीत राहतात. खोलीला मोठी खिडकी, सकाळपासून दुपारपर्यंत लख्ख उजेड. त्या खिडकीत बसून कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या कोटांना हाताने काजं करतात. पन्नास वर्षं करतायत. मशीनचं काज त्यांच्या लेखी काज नाहीच, ते नुसतं भोक. पण आता सकाळी बोटं अशी आखडतात की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. मग त्या बाथरूममध्ये जातात, बेसिनचा गरम नळ सोडतात आणि दहा मिनिटं धारेखाली एकेक बोट उघडत बसतात. बोटं उघडली की सुई धरता येते. एवढं साधं गणित.

आणि तीच धार दोन-तीन वर्षांत बारीक होत होत सुतासारखी झालेली. "सुईत ओवून घेईन मी ही," सासूबाई म्हणायच्या. मी दोन महिने खालून गरम पाण्याची बादली वर नेत होते. माझे खांदे गेले, आणि बादलीतलं पाणी वर पोचेपर्यंत कोमट.

मग एक फिटर बोलावला. त्याने नळ दोनदा उघडला, दोनदा मिटला आणि म्हणाला, "पाइप आतून क्षारांनी बुजलाय. भिंत फोडून वरची सगळी लाइन बदलावी लागेल." आमच्या ह्यांना तर हेच ऐकायचं होतं. ह्यांचं पहिल्यापासून तेच मत. लगेच सोमवार ठरला. "तोवर आईला खालच्या खोलीत हलवू," हे म्हणाले. "आणि एकदा हलवली की राहू दे तिथेच. जिने नकोत या वयात. हाताखाली एखादी बाई ठेवू."

खालच्या खोलीची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते. तिथे भरदुपारी दिवा लावावा लागतो. तिथे काळ्या कोटावर काळ्या दोऱ्याचं काज कोण करणार?

आणि सासूबाई? ज्या बाईला वरणातल्या मिठावर अर्धा तास बोलता येतं, ती गप्प बसून दोऱ्याची रिळं रंगावारी डब्यात भरायला लागली. शेवटी शिंपीच म्हणाला, "भिंत फोडायच्या आधी एकदा टाकीमावशींना दाखवा. मग काय फोडायचं ते फोडा." मला वाटलं, त्या एखादा माणूस पाठवतील.

तर अशा त्या आल्या. हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "बघू देत की. सोमवार काही बदलत नाही."

मी म्हटलं, "चला, वर दाखवते. चौदा पायऱ्या आहेत, सावकाश."

वर पोचल्यावर टाकीमावशी म्हणाल्या, "तेरा."

"चौदा," खालून ह्यांचा आवाज. "घर मी बांधून घेतलंय."

बाई खाली गेल्या, मोठ्याने मोजत परत वर आल्या. "तेरा. तुम्ही वरची जमीनसुद्धा धरताय, भाऊ. ती पायरी नसते, तो मजला असतो."

ह्यांच्याशी लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, पण ह्यांना इतक्या लवकर गप्प झालेलं मी पाहिलं नव्हतं. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की या बाईला वाद हवाच असतो, जेवणानंतर कुणाला बडीशेप लागते तसा.

मला वाटलं, आता पिशवी उघडतील, खाटखूट सुरू होईल. छे. त्यांनी बादली मागितली. पिशवीतून एक मनगटी घड्याळ काढलं, पट्टा तुटलेलं, पण सेकंदकाटा शाबूत. बादली थंड नळाखाली ठेवली. पाऊण मिनिटात भरली. ओतली. मग गरम नळाखाली ठेवली, शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बसा वहिनी. याला वेळ लागणार."

बारीक धारेचा एक फायदा असतो, गप्पा होतात. मीही दाराच्या उंबऱ्यावर फतकल मारली आणि विचारलं, "तुम्ही शिकलात कुठे हे?"

"रांगेत," त्या म्हणाल्या.

वसतिगृहात त्यांची नोकरी चादरी मोजायची आणि किल्ल्या सांभाळायची. बेचाळीस मुली, सात बाथरूम, एक म्हातारा बॉयलर. एका सकाळी रांगेतली शेवटची मुलगी रडत बाहेर आली. तासाभरात तिची परीक्षा, डोक्याला साबण आणि नळातून फक्त वारा. वसतिगृहाचा फिटर अकरा दिवस "उद्या येतो" म्हणत होता. बाराव्या दिवशी टाकीमावशी स्वतः हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि नळ आतून कसा असतो ते दाखवा म्हणाल्या.

"दुकानदार म्हणाला, घरातल्या पुरुषाला पाठवा. मी म्हटलं, तिथे बेचाळीस मुली आणि एक बोका आहे. बोक्याला पाठवू?"

"मग?"

"मग काय, दाखवलं त्याने. त्याच्या पायरीवरच बसले होते ना मी. गिऱ्हाइकांना आत जाता येईना."

भंगारातला एक नळ त्यांनी खोलीवर नेला. रोज संध्याकाळी खोलायचा, जोडायचा. मग खऱ्या नळाला हात घातला. "पहिल्या दिवशी पाणी नळातून यायचं थांबलं आणि भिंतीतून यायला लागलं," त्या अगदी अभिमानाने म्हणाल्या. पण महिन्याभरात सातही बाथरूम चालू. सारख्या गच्चीवर टाकीपाशी दिसायच्या, म्हणून मुलींनी नाव पाडलं टाकीमावशी. ते कायमचं चिकटलं.

"आणि निवृत्त झाल्यावर? घरी स्वस्थ बसावंसं नाही वाटलं?"

"बसले ना महिनाभर. माझ्या घरी नळ दोन. दोन्ही ठणठणीत. रोज सकाळी जाऊन बघायचे, एक तरी बिघडलाय का. कंटाळा आला हो."

बादली भरली. सहा मिनिटं वीस सेकंद. त्यांनी एका चिठोऱ्यावर आकडा लिहिला आणि बादली उचलून खाली गेल्या. खालच्या बाथरूमचा गरम नळ लावला. एक मिनिटात भरली. वर येऊन बेसिनचा गरम नळ बघितला, तोही रडका. नळाच्या तोंडाची जाळी काढून तळहातावर आपटली. दोन-चार पांढरे खडे पडले.

"हेच ते क्षार!" हे एव्हाना वर आले होते. नुसतं बघायला, असं म्हणत.

"हे सगळ्यांच्याच जाळीत असतात, भाऊ. माझ्याही आहेत." जाळी धुऊन बसवली. धार होती तेवढीच. "बघा आता. गीझर एकच. खाली पाणी धो धो येतं, म्हणजे गीझर निर्दोष. वर बादलीचा नळही रडतो आणि बेसिनचाही, म्हणजे नळ निर्दोष. राहिला मधला रस्ता. खालचा पाइप आणि वरचा पाइप एकाच वयाचे ना?"

"एकाच दिवशी टाकले. घराच्या फाइलमध्ये पावती आहे."

"पाणी एकच, वय एकच, आणि खालचा वापर जास्त. मग क्षारांनी खालचा सोडला आणि वरचाच का धरला?"

फाइलमध्ये याचं उत्तर नव्हतं.

मला तर आता राहवेना. आत्तापर्यंत मी त्यांना चहा विचारायलाही विसरले होते, ही माझ्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे. "मग काय असेल हो?" मी विचारलं.

"विचारायला हवं. धार बारीक कधीपासून झाली?"

"हळूहळू," हे म्हणाले. "वर्षानुवर्षं."

"गेल्या थंडीपासून," मी म्हटलं.

टाकीमावशींनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं जसं काही आम्ही आत्ता अंदाजपंचे उत्तरं दिली. दिलीच होती म्हणा. मग त्या सरळ सासूबाईंच्या खोलीत गेल्या. "रांगेत सगळ्यात पुढची मुलगी नेहमी सांगते पाणी छान येतंय," जाताजाता मला म्हणाल्या. "विचारायचं मागच्या मुलीला."

सासूबाई खाटेवर बसून पांढऱ्या रिळांच्या शेजारी मळकट पांढरी लावत होत्या.

"आजी, वरचं गरम पाणी कधीपासून कमी झालं?"

"ही झाडलोट काढते ना," सासूबाईंनी हनुवटीने माझ्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं, "त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आई!" हे हसले. "झाडलोटीचा आणि पाइपचा काय संबंध?"

मला हसू आलं नाही. सुनेच्या झाडलोटीला नावं ठेवायचे पन्नास प्रकार या बाईंनी मला ऐकवलेत, पण तिने पाणी आटतं हा एक्कावन्नावा म्हणजे कमालच झाली.

टाकीमावशी मात्र पुढे सरकल्या. "कुठल्या झाडलोटीच्या?"

"दर वेळच्या. वर्षातून दोनदा ती सगळं हलवते, कपाटांच्या मागचं काढते. आधी धार एवढी होती." त्यांनी आखडलेला अंगठा दाखवला. "मग एका झाडलोटीनंतर एवढी. सहा महिने तेवढीच. पुढच्या झाडलोटीनंतर एवढी." करंगळी. "मी सांगितलं होतं याला. हा म्हणाला, क्षार."

"म्हणजे हळूहळू नाही. टप्प्याटप्प्याने."

"जिन्यासारखी. तेरा असोत नाहीतर चौदा."

टाकीमावशींचे डोळे काय चमकले म्हणून सांगू! "क्षार असे टप्प्याने साचत नाहीत. तुमच्याकडे झाडलोट कधी असते हे क्षारांना काय माहीत?"

आता कुठे फुलाफुलांची पिशवी उघडली. आतून निघाला एक लांब स्क्रूड्रायव्हर, बस्स. बाथरूममधला गरम नळ पूर्ण सोडायला सांगितला. मग खोल्यांपुढच्या बोळात येऊन स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसं. एक हात सरकल्या. परत टेकवला. परत सरकल्या. हे माझ्या कानात पुटपुटले, "भिंतीला ताप आहे का विचार." मी ह्यांना कोपर मारलं.

"या, ऐका," मावशी म्हणाल्या. मी मूठ कानाला लावली. आत बारीक सूं असा आवाज. दोन पावलं पुढे नेलं, आवाज वाढला. आणखी पुढे, बोळाच्या टोकाला चादरींचं मोठं कपाट कोपऱ्यात उभं आहे तिथे, तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा होतो ना, तसा शीऽऽ आवाज.

"पाणी मोकळं जात असलं की गप्प असतं," त्या म्हणाल्या. "अडवलं की ओरडतं. इथे कुणीतरी अडवलंय."

मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि कपाटाच्या पायांशी फरशी बघायला लागल्या. चष्मा नाकाच्या टोकावर. फरशीवर बारीक ओरखडे होते. एकापुढे एक, थोड्याथोड्या अंतरावर थांबलेले. त्यांनी ते बोटाने मोजले. "पाच. हे कपाट पाच वेळा मागे ढकललंय. आणि ते सहज जात नव्हतं. कोण ढकलतं?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मीच. ते कपाट माझ्या डोळ्यात सलायचं. एक बाजू कायम चार बोटं पुढे. सगळं घर सरळ आणि हे एक तोंड वर काढून उभं. प्रत्येक झाडलोटीला मागचं झाडून झालं की मी त्याला पाठ लावायची आणि कमरेचा एक सणसणीत धक्का द्यायची. ते थोडं जायचं आणि अडायचं. मला वाटायचं, फरशी उंचसखल असेल. पुढच्या वेळी आणखी जोरात. कंबर माझी भक्कम आहे, देवाने दिलीय तर वापरायची.

"मी," मी म्हटलं. "पण कमरेने."

"कमरेनेच जातं ते. हाताचं काम नाही," टाकीमावशी म्हणाल्या. कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही.

हे आणि मी मिळून कपाट ओढलं. मागे बाजूच्या भिंतीवरून उभा पाइप उतरला होता, आणि त्यावर छातीएवढ्या उंचीवर दांडीचा व्हॉल्व्ह. लाल दांडी. ती पाइपच्या रेषेत असली की पाणी मोकळं, आडवी झाली की बंद. आमची दांडी जवळजवळ आडवी झालेली. कपाटाची मागची कड तिला अडत होती, आणि माझ्या दर धक्क्याला ती जराशी फिरत होती. आणखी एक झाडलोट झाली असती, तर बिचारी धार पुरतीच बंद पडली असती.

"हा व्हॉल्व्ह कुठून आला?" मी ओरडले.

हे पाइपकडे असे बघत होते जसा काही जुना वर्गमित्र भेटलाय. "मीच बसवून घेतला होता," हे हळूच म्हणाले. "वरचं पाणी वेगळं बंद करता यावं म्हणून. नंतर आपण कपाट आणलं आणि... फाइलमध्ये नोंद असेल."

"असेल ना," खोलीतून सासूबाई म्हणाल्या. "फाइल त्याच कपाटात आहे."

टाकीमावशींनी दांडी धरली आणि सावकाश सरळ केली. भिंतीतलं शीऽऽ थांबलं. आणि बाथरूममधून असा धबाधबा आवाज आला की मी दचकले. बादली लावली. एक मिनिट पाच सेकंद. त्यांनी तो आकडा सहा मिनिटं वीसच्या खाली लिहिला आणि चिठोरा ह्यांच्या हातात दिला. "फाइलला लावा."

सासूबाई उठून आल्या. बेसिनच्या नळाखाली हात धरले. वाफ आली, आरसा धुरकटला. आम्ही तिघं दारात उभे. त्या एकेक बोट उघडत होत्या, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. दहा मिनिटं झाली असतील. मग त्यांनी हात पुसले, खोलीत गेल्या, डब्यातली रिळं परत खिडकीच्या कठड्यावर मांडायला लागल्या. मांडता मांडता ह्यांना म्हणाल्या, "त्या भिंत फोडणाऱ्याला फोन कर. आणि त्या सांभाळणाऱ्या बाईला पण सांग, इथे कुणी सांभाळायचं शिल्लक नाही म्हणून."

ह्यांनी निमूटपणे दोन्ही फोन केले.

मी चहा आणला. टाकीमावशींनी व्हॉल्व्हची दांडी नटासकट काढली आणि तिथेच पाइपला सुतळीने बांधून ठेवली, म्हणजे गरज पडली की सापडेल आणि उगाच फिरणार नाही. मग कपाट जागेवर लावलं. पण भिंतीला टेकवलं नाही, चार बोटं फट ठेवली.

"अहो, आता दांडी नाही ना," मी म्हटलं, "मग टेकू द्या की पूर्ण."

"हात जायला जागा हवी."

"पण वाकडं दिसतंय. ही उजवी बाजू बघा, पुढे आलीय."

"सरळ आहे."

"माझी नजर कधी चुकत नाही हं. फरशीची रेघ बघा आणि कपाट बघा."

"कपाट सरळ आहे. तुमची फरशी वाकडी आहे."

"फरशी?" हे उसळले. "उत्तम कारागिराने बसवलीय!"

"आम्ही बघतोय रोज," मीही पदर खोचला. इतका वेळ एकमेकांवर गुरगुरणारे आम्ही नवराबायको एका क्षणात एका बाजूला आलो. लग्न टिकतं ते असं.

टाकीमावशींनी चहाचा कप खाली ठेवला, पिशवीतून दोरीचं रीळ काढलं. एक टोक बोळाच्या या दाराच्या चौकटीशी. दुसरं टोक धरायला कोण?

"आण इकडे," सासूबाई आल्या. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दोरीचं टोक धरलं, त्या दाराच्या चौकटीशी टेकवलं.

"घट्ट हं, आजी. सुटायला नको."

"ओढून बघ. सुटली तर मला खाली हलवा."

टाकीमावशींनी ओढली. दोरी तारेसारखी ताणली गेली. कपाटाचा पुढचा काठ दोरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर, तसूभरही फरक नाही. आणि खाली माझी ती लाडकी फरशीची रेघ, जिच्यापायी अडीच वर्षं मी कपाटाला धक्के मारले, ती एका टोकाला दोरीखाली होती आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटं बाहेर निसटलेली.

हे वाकून बराच वेळ बघत राहिले. मीही वाकले. बघून झाल्यावर काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "बरं, दोन बोटं म्हणजे काही फार नाही."

टाकीमावशींनी दोरी गुंडाळली, रीळ पिशवीत टाकलं, कप उचलला.

"मग कपाटाची चार तरी कुठे फार होती, वहिनी?"